चित्राखालची ओळ

माझ्या भाच्यानं नवा फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला काही कारणानं जाता आलं नव्हतं, म्हणून महिन्याभरानं सवडीनं गेलो. दिवाणखान्यात पाऊल ठेवलं आणि समोरच्या भिंतीवर साक्षात रोम! सोफ्याच्या वर चार फूट रुंदीचं कलोसियमचं चित्र. काळ्या बारीक रेघांनी भरलेलं, कॅनव्हासवर छापून लाकडी चौकटीवर ताणलेलं. भाचेसून म्हणाली, "मामा, कसं वाटतं? अगदी जुन्या काळातलं आहे हं." मी म्हटलं, "छानच आहे. पण काढलंय कुणी?" दोघं एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी भाचा म्हणाला, "कुणी म्हणजे? कॅनव्हास प्रिंट आहे, मामा. मागवलं आणि घरी आलं."

मी चष्मा पुसला आणि जवळ जाऊन पाहिलं. चित्राच्या खालच्या कडेला अक्षरांची एक ओळ होती, पण ती अर्धीच. अक्षरांचे माथे तेवढे दिसत होते. उरलेला भाग चौकटीवरून मागे वळून भिंतीकडे तोंड करून बसला होता. ज्या प्रश्नाचं उत्तर मला हवं होतं, ते नेमकं तिथेच होतं.

आज या चित्राखालच्या ओळीबद्दलच बोलायचं आहे. अलीकडे घराघरांतून, हॉटेलांतून, डॉक्टरांच्या प्रतीक्षाकक्षांतून जुन्या इमारतींची अशी चित्रं दिसू लागली आहेत. ती सुंदर असतात, भिंतीला भारदस्तपणा आणतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण भिंतीवर इतिहास टांगायचा तर तो वाचता यायला हवा, आणि त्याची किल्ली बहुतेक वेळा त्या एका ओळीत असते.

आधी ही चित्रं तयार कशी होत, ते पाहू. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. त्यावर मेणाचा पातळ लेप द्यायचा. सुईनं त्या लेपावर चित्र काढायचं, म्हणजे रेघ ओढली की तेवढं मेण निघून खालचं तांबं उघडं पडतं. मग पत्र्याला तेजाब द्यायचं. जिथे मेण आहे तिथे तांबं सुरक्षित राहतं आणि उघड्या रेघा मात्र तेजाब खात जातं. मेण काढून टाकलं की पत्र्यावर रेघांचे चर उरतात. त्यांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची, ओलसर कागद ठेवायचा आणि दोन जाडजूड रुळांमधून दाबून काढायचा. चरांतली शाई कागदावर उतरते. याला एचिंग म्हणतात. तेजाब न वापरता टोकदार हत्यारानं थेट तांब्यात रेघ कोरली, तर ते एनग्रेव्हिंग. दोन्हींत चित्र पत्र्यावर उलटं असावं लागतं, आरशात पाहिल्यासारखं. अक्षरंसुद्धा उलटी कोरावी लागतात.

म्हणजे बघा, चित्राखालची ओळ कोरणं हे काही सहज जाता जाता करायचं काम नव्हतं. प्रत्येक अक्षर उलटं आणि तेही धातूत. एवढी मेहनत घेऊन लोक काय लिहीत होते?

बहुधा डावीकडे मूळ चित्र काढणाऱ्याचं नाव आणि त्यापुढे ‘डेलिनिआव्हिट’ हा लॅटिन शब्द, म्हणजे ‘यानं रेखाटलं’. उजवीकडे कोरणाऱ्याचं नाव आणि ‘स्कल्प्सिट’, म्हणजे ‘यानं कोरलं’. मध्ये इमारतीचं नाव. आणि पुष्कळदा प्रकाशकाचं नाव, पत्ता, तारीख. इंग्लंडात तर यामागे कायदा होता. विल्यम होगार्थ या चित्रकाराच्या चित्रांच्या चोरट्या नकला बाजारात धडाधड विकल्या जाऊ लागल्या. तो आणि त्याचे सहकारी पार्लमेंटकडे गेले आणि १७३५ मध्ये कोरीव चित्रांच्या हक्काचा कायदा झाला. त्यानं चित्राला १४ वर्षांचं संरक्षण दिलं. अट अशी की, प्रकाशनाची तारीख आणि मालकाचं नाव पत्र्यावर कोरलेलं असलं पाहिजे. कलावंताच्या पोटाचा प्रश्न त्या ओळीत होता.

आता भाच्याच्या भिंतीवरच्या चित्राकडे येऊ. ते जोव्हानी बातिस्ता पिरानेसी याचं. जन्म १७२० चा, व्हेनिसजवळचा. शिक्षण वास्तुकलेचं. १७४० मध्ये तो रोमला आला आणि मग आयुष्यभर रोमचाच झाला. वास्तुविशारद म्हणवून घ्यायची त्याला हौस, पण प्रत्यक्ष बांधकामाचं महत्त्वाचं काम मिळालं ते एकच. रोमच्या अव्हेंटाइन टेकडीवरच्या एका चर्चचं नूतनीकरण त्यानं १७६० च्या दशकात केलं. बाकी सगळ्या इमारती त्यानं तांब्यावर उभ्या केल्या. १७४८ च्या सुमारास त्यानं रोमच्या दृश्यांची मालिका सुरू केली आणि १७७८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती चालूच ठेवली. १३५ चित्रं त्यानं या मालिकेसाठी केली.

त्या काळी युरोपातल्या श्रीमंत घरांतली तरुण मुलं शिक्षणाचा भाग म्हणून इटलीची यात्रा करत. आपल्याकडे काशीला गेलेला माणूस गंगेचा गडू घेऊन परततो, तसे हे लोक रोमहून चित्रं घेऊन परतत. तैलचित्र परवडायचं मोजक्यांना. कागदावरचं छापचित्र मात्र पुष्कळांच्या आवाक्यात असे, आणि ते गुंडाळून पेटीत ठेवता येई. पिरानेसीनं हे गिऱ्हाईक ओळखलं होतं. त्यानं काही चित्रांवर स्वतःचा पत्ता आणि किंमतसुद्धा कोरून ठेवली: स्त्रादा फेलिचे, तोमाती वाडा, किंमत अडीच पाओली. पाओली म्हणजे तिथलं चांदीचं नाणं. कलावंत, छापखानावाला आणि दुकानदार एकाच अंगरख्यात!

ही चित्रं घरी नेल्यावर लोक त्यांचं काय करत? तेच, जे आपण आज करतो. आयर्लंडमधल्या कॅसलटाउन हाउस या वाड्यात लेडी लुइझा कॉनोली यांनी १७६० च्या दशकात एक अख्खी खोली छापचित्रांनी सजवली. चित्रं कापायची, सरळ भिंतीवर चिकटवायची आणि भोवती छापील कागदी चौकटी लावायच्या. तेव्हा याची फॅशनच होती. ती खोली आजही पाहायला मिळते. म्हणजे इमारतींची चित्रं भिंतीवर लावायची हौस आजची नाही, निदान अडीचशे वर्षांची आहे.

पण मला जास्त भावतं ते जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरातलं एक घर. तिथल्या एका वकिलानं १७४० मध्ये इटलीची यात्रा केली होती. त्यानं घराच्या एका दालनात रोमची कोरीव दृश्यं लावली. कलोसियम, सेंट पीटरचं चर्च आणि त्यासमोरचा चौक, सांत आंजेलोचा किल्ला. ही चित्रं पिरानेसीच्या आधीच्या कारागिरांची होती. वकीलसाहेब एरवी मितभाषी, घरात फारसे बोलायचे नाहीत. पण मुलानं त्या चित्रांविषयी विचारलं की मात्र त्यांना वाचा फुटे. हा मुलगा म्हणजे कवी गटे. आत्मचरित्रात त्यानं ही आठवण लिहून ठेवली आहे. आणि १ नोव्हेंबर १७८६ या दिवशी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी तो रोममध्ये उभा राहिला, तेव्हा त्याला आठवली ती वडिलांनी दालनात लावलेली चित्रं. लहानपणी भिंतीवर पाहिलेलं आता डोळ्यांसमोर होतं. एखादं चित्र घरात काय करू शकतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. मात्र एक गोष्ट विसरू नका. त्या घरात चित्रं होती आणि त्यांविषयी बोलणारा माणूसही होता.

याच गटेनं आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. कॅराकॅला बादशहाच्या स्नानगृहांचे अवशेष पाहून त्याचा थोडा हिरमोड झाला. पिरानेसीच्या चित्रांत ते जेवढे भव्य दिसत, तेवढे प्रत्यक्षात वाटेनात. यात नवल नाही. पिरानेसी माणसं मुंगीएवढी काढायचा, म्हणजे भिंत आपोआप डोंगराएवढी व्हायची. तो नजर जमिनीलगत ठेवायचा, सावल्या गडद करायचा. तो खोटं बोलत होता का? मी तसं म्हणणार नाही. रोमविषयी त्याला जे वाटत होतं, ते तो सांगत होता. पण म्हणूनच ते चित्र ‘रोमचं’ जेवढं, तेवढंच ‘पिरानेसीचं’ आहे. खालचं नाव गेलं की आपण त्याला फोटो समजू लागतो.

नावाची किंमत पिरानेसीला किती होती, याचीही एक कथा आहे. १७५६ मध्ये त्यानं रोमच्या प्राचीन अवशेषांवर चार खंडांचा भव्य ग्रंथ काढला. शार्लमाँट नावाच्या आयरिश उमरावानं त्याला मदतीचं आश्वासन दिलं होतं, म्हणून पहिल्याच पानावरच्या चित्रात, एका रोमन शिलालेखावर, त्यानं अर्पणपत्रिका कोरली होती. ग्रंथ वाढत गेला, पण आश्वासनाप्रमाणे मदत काही मिळाली नाही. पत्रांना उत्तर येईना. तेव्हा पिरानेसीनं तो तांब्याचा पत्रा पुन्हा हाती घेतला आणि त्यावरून शार्लमाँटचं नाव काढून टाकलं. प्राचीन रोममध्ये बदनाम झालेल्या बादशहाचं नाव शिलालेखांवरून छिन्नीनं खरवडून टाकत, त्याच थाटात. शिवाय १७५७ मध्ये त्यानं आपली पत्रंच छापून टाकली. छापचित्राखाली कुणाचं नाव राहावं आणि कुणाचं जावं, हा त्या काळी जिव्हारी लागणारा विषय होता.

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, रोमच्या नावांशी आपल्याला काय करायचंय? तर आता घराजवळ येऊ. ही छापचित्रांची कला आणि तिचा बाजार अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातही पोचला. थॉमस डॅनिएल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे दोघे इंग्रज चित्रकार १७८६ मध्ये कलकत्त्याला उतरले. गंगेच्या काठानं वर हिमालयापर्यंत आणि खाली दक्षिणेत त्यांनी प्रवास केला, ढीगभर रेखाटनं केली आणि विलायतेला परतून १७९५ ते १८०८ या काळात ‘ओरिएंटल सीनरी’ नावानं १४४ छापचित्रं प्रसिद्ध केली. त्यांची पद्धत ॲक्वाटिंटची, म्हणजे पत्र्यावर राळेची पूड बसवून तेजाबानं जलरंगासारख्या छटा आणण्याची. वर हातानं रंग भरले जात. आज आपल्याकडच्या कॅनव्हासवर जुनी देवळं आणि घाट दिसतात, त्यांतली कितीतरी चित्रं या दोघांची असतात.

१७९३ मध्ये परतीच्या वाटेवर डॅनिएल मंडळी मुंबईला आली. तिथे त्यांना जेम्स वेल्स भेटला. हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत आला होता आणि पुण्यात पेशव्यांच्या दरबारापर्यंत पोचला होता. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं त्यानं केलेलं चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. तैलचित्रांवर त्याचं पोट चाले, पण मन रमलं होतं लेण्यांत. घारापुरी, कान्हेरी, वेरूळ असा तो रेखाटत फिरला. १७९५ मध्ये साष्टीत काम करताना आजारी पडला आणि त्यातच वारला. त्याची वेरूळची रेखाटनं थॉमस डॅनिएलनं हाती घेतली आणि १८०३ मध्ये २४ चित्रांचा संच लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. संचाच्या शीर्षकात डॅनिएलनं वेल्सचं नाव स्पष्ट घातलं. मेलेल्या मित्राचं श्रेय त्यानं बुडवलं नाही.

पण त्या काळात वेरूळच्या लेण्यांत कागद घेऊन बसलेला वेल्स एकटा नव्हता. पुण्यात कंपनीचा वकील होता चार्ल्स मॅलेट. त्याच्यासाठी काम करणारा एक मराठी चित्रकार होता, गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. पुण्याच्या तांबट आळीत आजही तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम चालतं. त्या धंद्याचं नाव मिरवणाऱ्या घराण्यातला हा माणूस. पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं त्यानं १७९० मध्ये काढलेलं चित्र आहे. ते पाहिलं तर त्याची नजर किती चौकस होती ते कळतं. वेरूळची लेणीही त्यानं रेखाटली. खांब, कोनाडे, मूर्ती, सगळं बारकाईनं. वेल्सशीही त्याचा संबंध आला. पुढे मॅलेटनं वेल्सच्या मुलीशीच लग्न केलं, आणि हा सगळा चित्रांचा संग्रह विलायतेला गेला. गंगारामची चित्रं आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहालयात आहेत.

आता गंमत पाहा, किंवा खंत म्हणा. वेरूळच्या त्या नामांकित छापसंचाच्या शीर्षकात वेल्स आणि डॅनिएल ही दोन नावं आहेत, म्हणून जगाला ती माहीत आहेत. त्याच लेण्यांत, त्याच वर्षांत बसून रेखाटणाऱ्या गंगाराम तांबटाचं नाव किती मराठी घरांत माहीत आहे? तांब्याचं नाव कुळाला लावणाऱ्याचं नाव त्या तांब्यावर कोरलं गेलं नाही. पण निदान कागद राहिले, नाव राहिलं, म्हणून अभ्यासकांना त्याला शोधून काढता आलं. कागद आणि नाव यांची ताटातूट झाली असती, तर आज तो ‘एक अज्ञात देशी चित्रकार’ झाला असता. असे किती जण झाले असतील!

ही ताटातूट कशी होते, याचं उदाहरणही डॅनिएलच्याच चित्रांचं आहे. १८०७ मध्ये फ्रान्समधल्या झूबेर या कारखान्यानं ‘हिंदुस्थान’ नावाचा भिंतीचा कागद काढला. मोंजाँ नावाच्या चित्रकारानं डॅनिएल काका-पुतण्यांच्या छापचित्रांतल्या इमारती उचलल्या आणि अख्ख्या खोलीभर पसरेल असा एकच देखावा रचला. त्यासाठी हजाराहून जास्त लाकडी ठसे लागले. देखावा मोठा देखणा झाला. पण मूळ चित्रांखालच्या ओळी गेल्या. कुठली इमारत कुठली, ती कुणाची, कुणी पाहून काढली, सगळं गेलं. शेकडो कोस दूरच्या इमारती एकमेकींच्या शेजारी येऊन बसल्या, मध्ये हत्ती आणि ताडमाड. उरला तो फक्त ‘पूर्वेकडचा’ एक सुंदर देखावा. घराची शोभा झाली, माहिती संपली.

आपल्या कॅनव्हासचं काही वेळा हेच होतं. ताणण्यासाठी कडा मागे वळवाव्या लागतात आणि पहिला बळी खालच्या ओळीचा जातो. कधी ओळ ‘विचित्र दिसते’ म्हणून मुद्दाम काढून टाकली जाते. कधी भिंतीच्या मापात बसवायला चित्र दोन्ही बाजूंनी छाटतात. दीड-दोन फुटांच्या छापासाठी कोरलेली रेघ चार-पाच फुटांवर ताणली की तिचा बारीकपणाही जातो.

मग काय, ही चित्रं लावूच नयेत? छे, जरूर लावा. पण थोडी काळजी घ्या. आज मोठमोठ्या संग्रहालयांनी आपल्याकडची जुनी चित्रं लोकांसाठी विनामूल्य खुली केली आहेत. ॲमस्टरडॅमचं राइक्स म्युझियम, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि मघाशी सांगितलेलं येल, यांच्या संकेतस्थळांवरून मोठ्या आकाराची प्रत उतरवून घेता येते. छापायला देताना सांगा की, मला पूर्ण कागद हवा आहे, समास आणि अक्षरांसकट. पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर उमटलेला असतो, तोही दिसू द्या. कॅनव्हासच हवा असेल तर चारही बाजूंना कोरी पट्टी सोडायला सांगा, म्हणजे वळेल ती पट्टी, चित्र नव्हे. आणि तयार चित्रच आणलं असेल, तर निदान मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवा: काय आहे, कुणाचं आहे, कधीचं आहे. उद्या घरातलं एखादं पोर विचारेल, तेव्हा फ्रँकफुर्टच्या त्या वकिलासारखं दोन शब्द बोलता आलं पाहिजे.

त्या दिवशी मी आणि भाच्यानं मिळून तो कॅनव्हास भिंतीवरून उतरवला. उलटा करून पाहिला, तर वळलेल्या कडेवर उरलेली अक्षरं होती. त्यानं मोबाइलवर पिरानेसीचं मूळ चित्र शोधलं आणि दोन्ही शेजारी धरून आम्ही ती ओळ जुळवली. पाठीमागे पेन्सिलीनं नाव लिहिलं आणि चित्र परत जागेवर लावलं.

समोरची भिंत अजून रिकामी होती. तिच्यासाठी मी त्याला गंगाराम तांबटाची वेरूळची चित्रं दाखवली. त्यातलं एक त्यांना दोघांनाही आवडलं आहे. चौकट करायला टाकताना खाली मराठीत काय लिहायचं, एवढंच विचारायला परवा त्याचा फोन आला होता. मी म्हटलं, "पूर्ण नाव लिही. चारही शब्द."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)